मुलीच्या बायोडेटातून कुणाला काय कळणार?

साताऱ्याकडच्या एका काकांनी विचारलं आहे. मुलगी पुण्यात आयटीत नोकरीला, तिच्या लग्नाचं बघणं सुरू आहे. काकांनी तिचा बायोडेटा समाजाच्या चार-पाच वधू-वर ग्रुपवर टाकला. मुलीला कळलं तेव्हा ती चिडली, सगळीकडून काढा म्हणाली. काकांचं म्हणणं असं: "आधार नंबर दिला नाही, बँकेचं काही दिलं नाही, ओटीपी तर कुणाला देतच नाही. नाव, गाव, शिक्षण, नोकरी एवढंच तर आहे. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही. यातून कुणाला काय कळणार? आणि एकदा गेलेलं आता काढून उपयोग तरी काय?"

काका, मुलीचं बरोबर आहे. तुम्ही जे केलं ते तिला चांगलं स्थळ मिळावं म्हणूनच केलं, आणि घरोघरी आज हेच चाललंय. म्हणून "धोका आहे, काढून टाका" एवढ्यावर थांबत नाही. नेमकं काय कळतं, कसं कळतं, ते सविस्तर सांगतो.

माहिती सुरक्षेच्या कामात मी वीसेक वर्षं आहे. त्यातलं बरंचसं काम एकाच धाटणीचं. एखादी संस्था म्हणते, आम्ही यादीतली नावं काढून टाकली आहेत, आता ही यादी बाहेर द्यायला हरकत नाही. मग त्या यादीतून माणसं परत ओळखू येतात का, हे मी तपासतो. बहुतेक वेळा येतात. त्यामुळे कुठलाही कागद हातात आला की त्यात गुपित काय आहे हे मी आधी बघतच नाही. त्यातली कुठली ओळ दुसरीकडच्या कुठल्या नोंदीला जुळते, ते बघतो. खरी गोष्ट तिथे आहे. एकेकटी माहिती निरुपद्रवी असते, दोन ठिकाणची माहिती एकमेकींना जोडली गेली की माणूस उघडा पडतो.

आपला लग्नाचा बायोडेटा या दृष्टीनं जरा जवळून बघू. वर श्री गणेशाय नमः. खाली पूर्ण नाव. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण. रास, नक्षत्र, नाडी, गण. उंची, रक्तगट. शिक्षण, कंपनीचं नाव, पॅकेज. वडिलांचा व्यवसाय, आईचं नाव, भावंडं कोण कुठे. मामांची नावं गावासकट, आत्या-मावश्यांची सासरची आडनावं. "शेती ५ एकर बागायत, पुण्यात स्वतःचा फ्लॅट." सध्याचा पत्ता, मूळ पत्ता, दोन मोबाइल नंबर. शेवटी अपेक्षा, आणि बाजूला साडीतला एक उभा फोटो.

पहिलीच ओळ घ्या. आपल्याकडे पूर्ण नावात वडील असतातच. एका गावात एका आडनावाची दोनशे माणसं असली तरी "स्वतःचं, वडिलांचं, आडनाव" या तिन्हींची जुळणी झाली की एखाद-दुसराच माणूस उरतो. मतदार यादी आपल्याकडे जाहीर असते, निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर भागवार मिळते. तिच्यात नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग असतं. त्याच घर क्रमांकावर खाली-वर बघितलं की घरात मतदानाच्या वयाचं कोण कोण आहे हेही दिसतं. म्हणजे म्हातारे आईवडील दोघंच राहतात का, हेसुद्धा.

मामांची नावं आपण कुळ कळावं म्हणून लिहितो. पण त्यातून आईचं माहेरचं आडनाव जाहीर होतं. बँकेत खातं उघडताना फॉर्मवर आईचं नाव, कधी कधी लग्नाआधीचं आडनाव, कशासाठी विचारतात? पुढे फोनवर ओळख पटवायला. जन्मतारखेचंही तेच. आपल्या देशात जन्मतारीख हा अर्धा पासवर्ड आहे. डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड काय असतो आठवा: इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाचा पासवर्ड पॅन आणि जन्मतारीख मिळून होतो. अनेक बँकांची स्टेटमेंटं नाव आणि जन्मतारखेच्या कुठल्यातरी जुळणीनं उघडतात. आता एखाद्या झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर तुमची ई-आधारची फाइल पडून राहिली, किंवा जुनी मेलपेटी कुणाच्या हाती लागली, तर कुलपाची किल्ली बायोडेटावर छापून तयारच आहे.

"शेती ५ एकर बागायत" ही ओळ तर मला सगळ्यात बोलकी वाटते. गाव माहीत, वडिलांचं नाव माहीत. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर नावावरून गट नंबर शोधता येतो आणि सातबारा बघता येतो. सातबारावर क्षेत्र किती, खातेदार कोण, भावाभावांत किती हिस्से, आणि इतर अधिकारात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा किती, हे सगळं येतं. गावाकडे सोयरीक ठरवण्याआधी लोक सातबारा काढून बघतातच, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण पूर्वी ते बघणारी माणसं ठरावीक होती, तलाठ्याकडे जावं लागायचं, आणि कोण बघतंय हे गावात कळायचं. आता दिल्लीत किंवा ऑनलाइन फसवणुकीसाठी कुप्रसिद्ध असलेल्या जामताऱ्यात बसलेल्यालाही तो दिसतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. शहरातल्या फ्लॅटसाठी नोंदणी विभागाची सूची क्रमांक दोन आहे. खरेदी कधी झाली, कितीला झाली, कुणाकुणाच्या नावावर, ते त्यात असतं. या नोंदी जाहीर असण्याला कारण आहे. जमिनीचे व्यवहार उघड राहिले नाहीत तर फसवणूक वाढेल. माझा आक्षेप त्या नोंदींवर नाही. बायोडेटा हातात नसेल तर त्या लाखो नोंदींत तुमची नोंद कुठली हे कुणाला ठाऊक नसतं. बायोडेटा ते बोट दाखवून सांगतो.

मोबाइल नंबर पैसे पाठवण्याच्या ॲपमध्ये टाकला की बँकेत नोंदवलेलं नाव समोर येतं. म्हणजे हा नंबर खात्याला जोडलेला आहे, हेही समजलं. कंपनीचं नाव आणि पूर्ण नाव मिळालं की नोकरीविषयक साइटवर तिची टीम, तिचं ऑफिस, आधीच्या नोकऱ्या सापडतात. हिंजवडीतलं ऑफिस आणि वाकडचा पत्ता एकत्र आले की रोजचा जाण्यायेण्याचा रस्ता आणि साधारण वेळ कळायला फारसं डोकं लागत नाही. आणि फोटो? तोच फोटो तिनं इन्स्टाग्रामवर किंवा ऑफिसच्या प्रोफाइलवर लावलेला असेल तर फोटोवरून फोटो शोधणाऱ्या सोयी दोन्ही खाती जोडून देतात. मग तिनं इन्स्टाग्रामवर आडनाव न लावता, वेगळ्या नावानं खातं ठेवलं असलं तरी त्याचा उपयोग संपला.

शेवटची ओळ अपेक्षांची. "निर्व्यसनी, उच्चशिक्षित, परदेशात असल्यास चालेल, आईवडिलांना मान देणारा." लग्नाच्या नावाखाली फसवणारे लोक नेमकी हीच ओळ आधी वाचतात. तुम्हाला हवा तसा मुलगा ते तयार करतात. लंडनमधला डॉक्टर, आईवेडा, मांसाहार न करणारा, जे लिहिलं असेल ते. काही आठवडे गोड बोलणं होतं. मग "तुमच्यासाठी पार्सल पाठवलं होतं, विमानतळावर कस्टम्सनं अडवलंय, एवढी रक्कम भरा" असा फोन येतो. पोलिसांकडे हे प्रकार वर्षानुवर्षं येत आहेत. फसलेल्या मुली शिकलेल्या, कमावत्या असतात. समोरचा माणूस आपल्या घरातल्या मामांच्या गावापर्यंत सगळं माहीत असल्यासारखा बोलतो तेव्हा शंका यायला जागाच राहत नाही.

आता काही जण म्हणतील, आमचं मंडळ नाव देतच नाही. फक्त प्रोफाइल क्रमांक, जन्मतारीख, गाव, शिक्षण. हा उपाय आधी बऱ्याच मोठ्या संस्थांनी करून बघितला आहे, आणि तो कसा फसला हे माझ्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ आहे.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या. नावं, पत्ते काढलेले होते. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना दिलासा दिला होता की यातून कुणाची ओळख पटणार नाही. लताया स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी वेल्ड राहत होते त्या केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा झिपकोड यांवर जुळवल्या. वेल्ड यांची जन्मतारीख असलेले केंब्रिजमध्ये सहा जण निघाले. त्यांतले पुरुष तीन. त्यांच्या झिपकोडमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरांच्या आजाराची नोंद, नाव काढूनही, गव्हर्नरांचीच म्हणून सापडली. पुढे स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून हिशेब मांडला: जन्मतारीख, लिंग आणि झिपकोड एवढ्यावर अमेरिकेतले ८७ टक्के लोक वेगळे काढता येतात. २००६ साली फिलिप गोल यांनी २००० ची जनगणना घेऊन तोच हिशेब पुन्हा केला, तर ६३ टक्के आले. मी कामात हा कमी आकडाच धरतो. तरीही तीन ओळींत दहातले सहा जण, हे थोडं नाही.

आपल्याकडे हे कितपत लागू पडतं? आपला पिनकोड मोठा असतो. १४० कोटी लोक आणि सुमारे १९ हजार पिनकोड, म्हणजे एका पिनकोडात सरासरी सत्तर-पंचाहत्तर हजार माणसं. ऐंशी वर्षांच्या जन्मतारखा होतात जवळपास २९ हजार, स्त्री आणि पुरुष वेगळे धरले तर ५८ हजार. एकेका तारखेला सरासरी सव्वा माणूस. तरुण वयात गर्दी जास्त असते, तिथे दोन-तीन धरा. त्यात शिक्षण घातलं, उंची घातली, जन्मवेळ मिनिटापर्यंत घातली, की नाव असलं काय नि नसलं काय.

क्रमांक देऊन नाव झाकण्याचा प्रयोग २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीनंही केला. साडेसहा लाख ग्राहकांनी इंटरनेटवर शोधलेल्या सुमारे दोन कोटी गोष्टी संशोधकांसाठी जाहीर केल्या आणि प्रत्येक ग्राहकाला नावाऐवजी आकडा दिला. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी ४४१७७४९ या आकड्यामागची वृद्ध बाई जॉर्जिया राज्यात जाऊन शोधून काढली. त्या बाईंनी काय शोधलं होतं? आपल्या आडनावाची माणसं, आपल्या गावातली कामं, दुखणीखुपणी. कुणीही शोधतं तेच.

इथवर जे सांगितलं ते लिहिलेल्या गोष्टींतून लिहिलेल्या गोष्टी कळण्याबद्दल. न लिहिलेलंही कळतं. २०१३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या कोसिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५८ हजार स्वयंसेवकांचे फेसबुकवरचे फक्त लाइक घेतले. एक समलिंगी पुरुष आणि एक नसलेला अशी जोडी समोर ठेवली तर त्यांचं गणित ८८ टक्के वेळा बरोबर ओळखत होतं. लाइक केलेली पानं बहुतेकांच्या बाबतीत त्या विषयाशी उघड संबंध नसलेली होती. ही मंडळी अमेरिकन, तो काळ वेगळा, हे खरं. पण मुलीचं इन्स्टाग्राम समोरच्या घरानं चाळायचं आणि त्यावरून तिच्या स्वभावाचे, मित्रांचे, मतांचे अंदाज बांधायचे, हे आज प्रत्येक स्थळाच्या वेळी होतंच. लग्नापूर्वीची चौकशी करून देणाऱ्या खासगी गुप्तहेर संस्था शहरांत उघडपणे जाहिराती करतात. त्यांच्या कामाची सुरुवात बायोडेटापासूनच होते.

ठिकाणांबद्दल एकच सांगतो. १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी २०१३ मध्ये तपासल्या गेल्या. साधारण कुठे आणि कुठल्या तासाला, असे चारच ठिपके ९५ टक्के लोकांना इतरांपासून वेगळं करायला पुरले. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपच्या, लोक कुठे धावतात ते दाखवणाऱ्या जागतिक नकाशावर अफगाणिस्तान, सीरियातले लष्करी तळ उजळलेले दिसले, कारण तिथले सैनिक ॲपला जोडलेलं घड्याळ लावून धावत होते. त्या नकाशावर एकाही सैनिकाचं नाव नव्हतं. मुलगी रोज सकाळी धावायला जात असेल आणि ॲपवर रस्ता दिसत असेल, तर रस्त्याची सुरुवात आणि शेवट लपवायची सोय त्यात आहे. ती तिला लावायला सांगा.

"आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही" या वाक्याला मी कधीही हसत नाही. प्रामाणिक माणूसच ते म्हणतो. पण त्यात "आमच्याकडे" कोण आहे ते बघा. बायोडेटात मुलगी आहे, आई आहे, दोन मामा आहेत, आत्याचं सासर आहे. यांतल्या किती जणांना तुम्ही विचारलं? एका ॲपमधून फेसबुकवरच्या लोकांची माहिती निवडणूक प्रचाराच्या कामासाठी नेल्याचं केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचं प्रकरण २०१८ साली बाहेर आलं तेव्हा फेसबुकनं भारतापुरते आकडे दिले होते. ते ॲप भारतात घेतलं होतं ३३५ जणांनी. माहिती गेली असण्याची शक्यता होती ती सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांची. बाकीच्यांनी काहीच केलं नव्हतं, त्यांचे मित्र त्या ३३५ मध्ये होते एवढंच. आपली माहिती बहुतेक वेळा आपण देत नाही, आपल्या ओळखीचं कुणीतरी देतं. फोनबुक मागणाऱ्या ॲपना लोक डोळे झाकून परवानगी देतात. मग तुम्ही कुणाच्या फोनमध्ये "पाटील काका, बी विंग, हार्ट पेशंट" असे सेव्ह असाल तर तेवढं सगळं जातं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि स्वतःबद्दलच्या माहितीवरचा ताबा त्यात येतो. तो हक्क तुमच्या मुलीचा तिच्या स्वतःच्या नावे आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. पण त्यात एक गोष्ट समजून घ्या. एखाद्या व्यक्तीनं घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर तिला हा कायदा लागत नाही. म्हणजे फी घेणारं विवाह मंडळ किंवा संकेतस्थळ त्याच्या कक्षेत येऊ शकतं. ग्रुपवरचा बायोडेटा पुढे ढकलणारा लांबचा काका येत नाही. तिथे कायदा तुमच्या मदतीला येणार नाही, हे धरूनच वागावं लागेल.

आणि त्रास देणारा माणूस दरवेळी परका भामटा नसतो. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत सर्वांत जास्त मनस्ताप झाला तो अर्धवट ओळखीच्या माणसांकडून. नकार कळवलेलं स्थळ. मोडलेल्या साखरपुड्यातला मुलगा. कॉलेजमधला कुणीतरी, ज्याला तिचा नवा नंबर आणि नवं ऑफिस माहीत नव्हतं आणि वधू-वर ग्रुपमध्ये असलेल्या त्याच्या मावशीमुळे कळलं. भामट्याला पैसे हवे असतात, तो दुसरं सावज शोधतो. या माणसाला तीच मुलगी हवी असते. तुमची मुलगी चिडली ती बहुधा यामुळेच. कदाचित तिच्या डोळ्यांसमोर एखादा नेमका चेहरा असेल, जो तिनं तुम्हाला कधी सांगितला नसेल. तिला रागावून नव्हे, शांतपणे विचारा, आणि ती सांगेल ते ऐकून घ्या.

मग लग्नं जमवायची कशी? बायोडेटा द्यावाच लागतो, हे मलाही मान्य आहे. तो दोन टप्प्यांत द्या. ग्रुपवर जाणाऱ्या पहिल्या कागदावर मुलीचं फक्त पहिलं नाव, जन्माचं साल, उंची, शिक्षण, कामाचं क्षेत्र, शहर, घरची थोडक्यात पार्श्वभूमी. कंपनीचं नाव नको, पॅकेजचा आकडा नको, शेती किती आणि फ्लॅट कुठे ते नको, घरचा पत्ता नको. "घरची शेती आहे" एवढं पुरतं. मुलीचा नंबर तर नकोच. संपर्कासाठी तुमच्या बँकेला न जोडलेला एक वेगळा नंबर घ्या, स्वस्तातलं जास्तीचं सिम चालतं, आणि लग्न जमल्यावर बंद करा. जन्मवेळ, नाडी, मामांची नावं हे पत्रिका जुळवायच्या वेळी, समोरच्या घराशी फोनवर बोलणं होऊन ते कोण आहेत याची खात्री पटल्यावर, त्या एकाच माणसाला. त्यांनीही तेवढंच द्यावं. एकतर्फी कागद पाठवण्याची सवय मुलीकडच्यांनाच लावलेली आहे, ती मोडायला हरकत नाही.

फोटो असा निवडा जो आजवर कुठेही चढवलेला नाही. तो बायोडेटासाठीच ठेवा, दुसरीकडे वापरू नका. मूळ फोटोच्या फाइलमध्ये कधी कधी तो कुठे काढला तेही नोंदलेलं असतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ती नोंद गळून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जशीच्या तशी जाते.

मी अजून एक गोष्ट आवर्जून करायला सांगतो. प्रत्येक ग्रुपला किंवा मंडळाला दिलेल्या प्रतीवर तळाशी बारीक अक्षरात वेगळी खूण ठेवा. "प्रत सातारा मंडळ", "प्रत मावशी". उद्या तो कागद भलतीकडे निघाला तर कुठून गेला हे समजतं, आणि खूण आहे हे दिसलं की लोक पुढे ढकलताना विचार करतात. स्थळानं ओळखपत्र मागितलं तर मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. समोरच्याची खात्री करून घेणं रास्त आहे. पूर्ण आधारची झेरॉक्स त्यासाठी लागत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: काढून उपयोग काय? उपयोग आहे, पण पूर्ण नाही. लोकांच्या फोनमध्ये उतरलेली प्रत परत आणता येत नाही. व्हॉट्सॲपवर आपला निरोप सर्वांसाठी पुसायला दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ मिळतो. ग्रुपचा ॲडमिन दुसऱ्याचा निरोपही पुसू शकतो, पण ॲडमिनलाही वेळेची मर्यादा असते. तरी आजच विचारा. पुढे ग्रुपमध्ये फेरयाद्या निघतात, पीडीएफची वार्षिक पुस्तिका निघते, तिच्यात नाव जाऊ नये एवढं तरी साधतं. बायोडेटा एखाद्या संकेतस्थळावर चढला असेल तर त्यांना लेखी कळवा, आणि फोन नंबर व पत्ता शोधात दिसत असेल तर तो काढण्याची विनंती गूगलकडे करता येते.

जे पुसता येत नाही त्याचा उपयोग बंद करा. जन्मतारीख बदलता येत नाही, पण जन्मतारखेवर उघडणाऱ्या गोष्टी बदलता येतात. तुमचे, मुलीचे आणि तिच्या आईचे मेलचे पासवर्ड बदला, त्यात नाव, साल, गाव काही येऊ देऊ नका. "आईचं माहेरचं आडनाव काय" अशा सुरक्षा प्रश्नांना खरं उत्तर देऊ नका. काहीतरी भलतंच उत्तर ठरवा आणि घरी वहीत लिहून ठेवा. मेलपेटीत पडलेल्या ई-आधार आणि स्टेटमेंटच्या जुन्या फाइली काढा. आधारच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक, म्हणजे बोटांच्या ठशांची आणि डोळ्यांची नोंद, लॉक करा, तिथेच गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरलं गेलं तेही बघता येतं. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघा. पैसे घेण्यासाठी मोबाइल नंबर असलेल्या आयडीऐवजी दुसरा यूपीआय आयडी करून तो द्या. मुलीनं व्हॉट्सॲपवरचा प्रोफाइल फोटो आणि 'लास्ट सीन'ची वेळ फक्त ओळखीच्यांना दिसेल असं ठेवावं. एका संध्याकाळी तिघांनी बसून हे सगळं होतं.

पुढचे काही महिने "तुमच्या मुलीचा बायोडेटा बघितला" म्हणून फोन येत राहतील. त्यांत कुणी पैशांचं, पार्सलचं, पोलिसांचं किंवा सीबीआयचं काढलं तर फोन ठेवा. पैसे गेले तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. मुलीच्या नावानं खोटं खातं निघालं किंवा फोटोची छेडछाड झाली तर स्क्रीनशॉट आणि लिंक आधी जपून ठेवा, मग त्या साइटकडे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. तिथे महिलांसाठी वेगळा विभाग आहे.

ॲडमिनना काय लिहायचं याचा संकोच वाटत असेल तर एवढंच पुरे: "आपण सहकार्य केलंत, आभारी आहे. मुलीच्या इच्छेनुसार तिचा जुना बायोडेटा मागे घेत आहे. कृपया ग्रुपमधून आणि यादीतून काढावा, पुढे पाठवू नये. नवीन माहिती लवकरच देतो." बरेच ॲडमिन ऐकतात, त्यांच्याही घरी मुली असतात. नवा बायोडेटा मात्र मुलीलाच लिहू द्या, आणि कुठल्या ग्रुपवर जाणार याची यादी तिला दाखवून मगच पाठवा.